अभ्यासक्रम बदलला की स्वाहिली पुस्तकाचं काय होतं

प्रश्न थोडक्यात असा होता: पूर्व आफ्रिकेत शालेय अभ्यासक्रम पुन्हा पुन्हा बदलतो, त्याचा स्वाहिलीत लिहिणाऱ्यांवर आणि छापणाऱ्यांवर नेमका काय परिणाम होतो? आणि मुंबईकडून या बाजारासाठी मांडणी किंवा छपाईचं काम घेणाऱ्याने कशावर लक्ष ठेवावं?

नव्या अभ्यासक्रमात कोणते विषय आले आणि कोणते गेले, इथून बहुतेक जण सुरुवात करतात. त्याने प्रकाशकाचं फारसं बिघडत नाही. नवे धडे लिहून घेता येतात. बाजार हलतो तो वेगळ्याच गोष्टींनी. पुस्तक घेणं कुणाला सक्तीचं आहे, ते निवडतं कोण, आणि एकदा लागलेलं पुस्तक किती वर्षं चालतं. सरकारी आराखडा हातात आला की आधी हे शोधावं, मग धड्यांची यादी वाचावी.

केनियाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. १९८५ साली तिथे ८-४-४ पद्धत आली: आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ. त्याआधीच्या पद्धतीत प्राथमिक शाळेत स्वाहिली शिकवली जाई, पण तिची परीक्षा नव्हती आणि जिची परीक्षा नाही तिचं पुस्तक पालक विकत घेत नाहीत. गचाथी समितीने १९७६ मध्ये स्वाहिली सक्तीची करण्याची शिफारस केली होती; ती खऱ्या अर्थाने अमलात आली ती ८-४-४ मध्ये. आठवीच्या केसीपीई परीक्षेत आणि पुढे बारावीच्या तोडीच्या केसीएसई परीक्षेत स्वाहिली सगळ्यांना अनिवार्य झाली. नैरोबीतल्या प्रकाशकांची आजची स्वाहिली यादी मोठ्या प्रमाणात या एका निर्णयावर उभी राहिलेली आहे. २०२३ साली शेवटची केसीपीई झाली तेव्हा १४ लाख मुलं बसली होती आणि जवळजवळ प्रत्येकाने स्वाहिलीचा पेपर दिला होता.

त्या पेपराची रचना लक्षात घ्या, कारण लेखनशैलीवर तिचा ठसा आहे. ५० बहुपर्यायी प्रश्न, आणि ४० मिनिटांत लिहायचा ४० गुणांचा निबंध, ज्याला स्वाहिलीत 'इन्शा' म्हणतात. तपासनीसाकडे वेळ कमी, उत्तरपत्रिका लाखो. अशा वेळी म्हणी, वाक्प्रचार, उपमा ठासून भरलेला निबंध लगेच नजरेत भरतो. शिक्षकांनी हे ओळखलं आणि प्रकाशकांनी त्याची पुस्तकं काढली. म्हणींचे संग्रह, उपमांच्या याद्या, निबंधाच्या सुरुवातीला चिकटवायची तयार वाक्यं. केनियात शिकलेल्या लेखकाच्या गद्यात पहिल्या परिच्छेदातच कोंबडा आरवतो, सूर्य डोकावतो आणि दोन म्हणी येऊन जातात, त्यामागे ही तालीम असते. टांझानियाच्या गद्यात हा सोस कमी दिसतो. संपादकाने अशा हस्तलिखितावर काम करताना लेखकाला नावं ठेवू नयेत. त्याला आठ वर्षं याच गोष्टीचे गुण मिळालेले असतात.

केसीएसईत स्वाहिलीचे तीन पेपर असतात. पहिला निबंधाचा, ४० गुणांचा, दोन निबंध आणि प्रत्येकी किमान ४०० शब्द. दुसरा भाषेचा, ८० गुणांचा: आकलन १५, सारांश १५, व्याकरण ४०, समाजभाषाविज्ञान १०. तिसरा साहित्याचा, तोही ८० गुणांचा: कादंबरी, नाटक, कथासंग्रह, कविता आणि मौखिक साहित्य. या तिसऱ्या पेपरसाठी नेमलेली पुस्तकं साधारण चार-पाच वर्षांनी बदलतात. २०२४ मध्ये केसीएसईला ९ लाख ६० हजारांहून जास्त विद्यार्थी होते. नेमलेल्या कादंबरीचा ग्राहक म्हणजे हे सगळे. न नेमलेल्या कादंबरीच्या हजार-दोन हजार प्रती संपायलाही अनेकदा वर्षं जातात. मधला प्रकार जवळजवळ नाहीच. त्यामुळे केनियात स्वाहिली कादंबरी लिहिणारा माणूस, त्याने मान्य केलं नाही तरी, नेमणुकीचा विचार करून लिहितो. प्रकाशक तर निविदेच्या तारखा पाहूनच हस्तलिखित मागवतो.

याचा परिणाम पुस्तकाच्या हाडामासापर्यंत जातो. साहित्याच्या पेपरात ठरलेला प्रश्न असतो: एक संवाद उद्धृत करायचा आणि त्याचा संदर्भ विचारायचा. कोण बोललं, कुणाला, कुठे, कशामुळे; चार मुद्दे, चार गुण. म्हणून नाटककार असे संवाद पेरतो की ते वेगळे काढले तरी ओळखू येतील आणि ज्यांना निश्चित स्थळ-काळ असेल. संदिग्ध, अर्धवट तुटलेलं बोलणं, कोण बोलतंय हे कळूच नये असं दृश्य, हे सहसा टाळलं जातं. आणखी एक नेहमीचा प्रश्न शीर्षकाच्या समर्पकतेचा. अलीकडच्या नेमलेल्या पुस्तकांची नावं पाहा. 'तुम्बो लिसिलोशिबा' म्हणजे न भरणारं पोट, 'चोझी ला हेरी' म्हणजे शुभ अश्रू. केन वालिबोरांच्या 'किदागा किमेम्वोझेआ' या कादंबरीचं नाव तर आख्खा वाक्प्रचारच आहे. अशा नावावर वीस गुणांचं उत्तर लिहिता येतं. साधं माणसाचं किंवा गावाचं नाव दिलेल्या कादंबरीवर ते अवघड जातं.

कवितेत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणून तिथे थोडं थांबतो. स्वाहिलीची परंपरागत कविता मोजमापाची आहे. सगळ्यात रुळलेला प्रकार चार ओळींच्या कडव्याचा. प्रत्येक ओळीत १६ अक्षरं, मधोमध यती, म्हणजे ८ अधिक ८. मधल्या यतीलाही यमक आणि ओळीच्या शेवटीही यमक, शेवटची ओळ बहुधा ध्रुवपद. १९७० च्या दशकात टांझानियात मुक्तछंदावरून मोठं भांडण झालं. युफ्रासे केझिलाहाबींसारख्या कवींनी मोजमाप सोडलं आणि जुन्या कवींनी ती कविताच नव्हे असं म्हटलं. आज विद्यापीठात मुक्तछंद मान्य आहे, शाळेच्या पुस्तकातही त्याला जागा असते. पण परीक्षेत कवितेच्या घडणीवर प्रश्न येतो आणि मोजता येणाऱ्या कवितेवर तो काढणं सोपं: कडवी किती, ओळीत अक्षरं किती, यमकाचा बंध कसा, ध्रुवपद आहे का. एका ओळीचा एक गुण, वाद नाही, पुनर्तपासणीत बदल नाही. मुक्तछंदाच्या घडणीवर चार गुणांचा निर्विवाद प्रश्न काढून दाखवा. म्हणून शालेय कवितासंग्रहाचा संपादक मोजमापाच्या कवितांना झुकतं माप देतो आणि कवी त्या पुरवतो.

त्यातही एक मजेशीर गोष्ट आहे. परीक्षेत कवीने घेतलेल्या सवलतींवर प्रश्न असतो: अक्षरसंख्या जुळवायला शब्द कुठे आखूड केला, कुठे लांबवला, कुठे वाक्याचा क्रम उलटा केला. हे प्रश्न काढता यावेत म्हणून काही शालेय कवितांत अशा सवलती गरज नसताना घेतलेल्या दिसतात. शब्द पूर्ण बसत असतानाही तोडलेला. संग्रह संपादित करणाऱ्याने अशा जागा ओळखून कवीला विचारावं. निम्म्या वेळा तो स्वतःच दुरुस्त करून देतो.

नेमलेल्या पुस्तकामागे दुसरं पुस्तक येतंच: मार्गदर्शक, स्वाहिलीत 'म्वोंगोझो'. आपल्याकडच्या गाईडसारखंच. कथानक, पात्रं, विषय, शैली, नमुना प्रश्न. मूळ पुस्तकाची नेमणूक जाहीर झाल्यावर काही आठवड्यांत बाजारात दोन-तीन मार्गदर्शकं असतात, आणि खुद्द मूळ पुस्तक न वाचता परीक्षा देणारे कमी नाहीत. नेमलेल्या पुस्तकांची चोरटी छपाईही ठरलेली. मागणीचा आकडा सगळ्यांनाच माहीत असतो. २०१३ च्या कायद्याने केनियात पुस्तकांवर १६ टक्के मूल्यवर्धित कर लागला, तेव्हापासून खऱ्या आणि चोरट्या प्रतीतल्या किमतीचं अंतर आणखी वाढलं. म्हणून होलोग्राम वगैरे लावण्यापेक्षा पहिल्या फेरीतच पुरेशा प्रती बाजारात टाकणं जास्त उपयोगी पडतं. चोर मुख्यतः टंचाईवर जगतो.

आता नव्या अभ्यासक्रमाकडे. २०१७ मध्ये प्रयोग, जानेवारी २०१९ पासून देशभर: क्षमताधारित अभ्यासक्रम, रचना २-६-३-३-३, म्हणजे दोन वर्षं पूर्वप्राथमिक, सहा प्राथमिक, तीन कनिष्ठ माध्यमिक, तीन वरिष्ठ माध्यमिक, तीन विद्यापीठ. दर वर्षी एक इयत्ता पुढे सरकत गेली. सहावीची पहिली परीक्षा २०२२ मध्ये, सातवी म्हणजे कनिष्ठ माध्यमिक २०२३ मध्ये, नववीची पहिली परीक्षा २०२५ मध्ये आणि वरिष्ठ माध्यमिकची दहावी जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या मुनावू समितीने २०२३ मध्ये विषयांची संख्या जास्त असल्याचं सांगितलं आणि २०२४ मध्ये आराखडे आवळून नव्याने आले. स्वाहिली टिकली, आठवड्याला ४ तासिका, पण पाठ्यघटक कमी झाले आणि नुकतीच छापलेली पुस्तकं पुन्हा दुरुस्त करावी लागली. ज्या प्रकाशकांनी पहिल्या मंजुरीनंतर तीन वर्षांचा साठा एकदम छापून ठेवला होता त्यांना हे जड गेलं.

खरेदीची पद्धत त्याआधीच बदलली होती. पूर्वी मंजूर पुस्तकांची एक यादी निघे, 'ऑरेंज बुक' नावाने ती ओळखली जाते. शाळा तीतून निवडत आणि गावातल्या दुकानातून घेत. २०१८ पासून सरकार स्वतः खरेदी करू लागलं, प्रत्येक मुलाला एक पुस्तक या हिशेबाने, आणि पुस्तकं शाळेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी प्रकाशकावर आली. यात दुकानदार बाजूला पडला. प्रकाशकाच्या दृष्टीने विक्रीची आकृतीच बदलली: पहिल्या वर्षी एकदम प्रचंड ऑर्डर, नंतर जवळजवळ शून्य, कारण तीच पुस्तकं पुढच्या तुकडीला दिली जातात. सरकारी पैसे उशिरा आले की छापखान्याचं बिल थकतं, लेखकाचं मानधन त्याहून थकतं. लेखकाने करारात 'विक्री झाल्यावर' आणि 'रक्कम प्रत्यक्ष मिळाल्यावर' या दोन शब्दप्रयोगांतला फरक नीट वाचावा. मानधन साधारण १० टक्क्यांच्या आसपास असतं, पण कशाचे १० टक्के हे महत्त्वाचं. सरकारी निविदेत प्रतीचा दर दुकानातल्या किमतीपेक्षा पुष्कळ खाली असतो.

मंजुरी देणारी संस्था म्हणजे केनिया अभ्यासक्रम विकास संस्था, सगळे तिला केआयसीडी म्हणतात. ती आराखडा जाहीर करते, मग हस्तलिखितं मागवते. विद्यार्थ्याचं पुस्तक आणि शिक्षकाची मार्गदर्शिका दोन्ही एकत्र द्यावी लागतात, आणि परीक्षकांना लेखक-प्रकाशक कोण हे कळू नये म्हणून नावं, बोधचिन्हं, आभार सगळं काढून. पीडीएफच्या गुणधर्मांत संगणकाने आपोआप भरलेलं लेखकाचं नाव राहून जातं, ते आठवणीने पुसावं.

स्वाहिलीचा आराखडा स्वाहिलीतच असतो आणि तक्त्याच्या रूपात असतो: घटक, उपघटक, अपेक्षित निष्पत्ती, सुचवलेल्या कृती, विचारप्रवर्तक प्रश्न. खाली मूलभूत क्षमता सात, मूल्यं, समकालीन सामाजिक विषय, इतर विषयांशी दुवे. शेवटी मूल्यमापनाची चार पातळ्यांची पट्टी: अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकं, अपेक्षेच्या जवळ, अपेक्षेपासून दूर. प्रत्येक उपघटकातली प्रत्येक निष्पत्ती पुस्तकात बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. नापास होणारी बरीच हस्तलिखितं इथेच पडतात: जुन्या ८-४-४ च्या पुस्तकाचा मजकूर घेऊन वरती नवी शीर्षकं चढवलेली असतात, आणि 'ऐकणे व बोलणे' या घटकाला नावापुरत्या दोन ओळी. बरा मार्ग असा की लिहायच्या आधीच एक तक्ता करावा, डावीकडे आराखड्यातली निष्पत्ती, उजवीकडे पुस्तकाचं पान आणि कृतीचा क्रमांक, आणि रिकामी चौकट राहू देऊ नये. पानं शेवटच्या क्षणी हलली की शिक्षकाच्या मार्गदर्शिकेतले पानांचे संदर्भ चुकतात, ही सगळ्यात स्वस्तात टाळता येणारी आणि तरीही सगळ्यात जास्त होणारी चूक.

दुसरं टोकही वाईट. एकाच धड्यात आरोग्य, रस्ते-सुरक्षा, देशप्रेम, बालहक्क आणि पर्यावरण सगळं बसवायचं म्हटलं की गोष्टीचं प्रवचन होतं. आराखडा तसं मागत नाही; एका उपघटकाला एक-दोन सामाजिक विषय पुरतात. हे सांगूनही लेखक चार घालतात, कारण परीक्षकाला खूश करायचं असतं. संपादकाने निर्दयपणे दोन काढावेत.

व्याकरणात एक सापळा आहे. स्वाहिली नामांचे वर्ग असतात आणि त्यांना नावं देण्याच्या दोन पद्धती आहेत: नामाच्या उपसर्गावरून 'म-वा', किंवा क्रियापदाशी होणाऱ्या जुळणीवरून 'आ-वा'. केनियाच्या शाळेत दुसरी चालते. विद्यापीठातल्या सवयीने पहिली वापरली तर हस्तलिखित परत येतं, भाषा कितीही चांगली असो. तसंच सीमेपलीकडचे शब्द. केनियात माध्यमिक शाळा 'शुले या उपिली', टांझानियात 'शुले या सेकोंदारी'. केनियाच्या पुस्तकात संगणक 'ताराकिलिशी', टांझानियात 'कोम्प्युता'. नव्या केनियन अभ्यासक्रमात इयत्ता म्हणजे 'ग्रेदी', टांझानियात 'दारासा'. एकच पुस्तक दोन्ही देशांत विकायचं तर असे शब्द, चलन, गावांची नावं, वाहनांची नावं यांची वेगळी यादी ठेवून दोन फायली करणंच बरं. 'सगळीकडे चालेल' अशी मधली भाषा दोन्हीकडे परकी वाटते.

आता सगळ्यात मोठा बदल, ज्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. वरिष्ठ माध्यमिकमध्ये, म्हणजे दहावी ते बारावीत, तीन शाखा आहेत: विज्ञान-तंत्रज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, कला व क्रीडा. स्वाहिली किंवा केनियन सांकेतिक भाषा सगळ्यांना आहे. पण 'फासिही या किस्वाहिली', म्हणजे स्वाहिली साहित्य, हा सामाजिक शास्त्रांतला स्वतंत्र ऐच्छिक विषय झाला. ८-४-४ मध्ये भाषा आणि साहित्य एकाच सक्तीच्या विषयात बांधलेले होते, म्हणून भौतिकशास्त्र घेणाऱ्या मुलालाही कादंबरी विकत घ्यावी लागे. ती गाठ सुटली. सरकारचा अंदाज सुमारे ६० टक्के मुलं पहिल्या शाखेत, २५ टक्के सामाजिक शास्त्रांत आणि १५ टक्के तिसऱ्या शाखेत असा आहे. २०२५ मध्ये नववीच्या परीक्षेला ११ लाखांहून जास्त मुलं बसली. त्यातले २५ टक्के म्हणजे २ लाख ८० हजारांच्या घरात, आणि ते सगळे काही साहित्य घेणार नाहीत. त्याच शाखेत इतिहास, भूगोल, धर्मशिक्षण, फ्रेंच, अरबी, इंग्रजी साहित्य असे पर्याय आहेत. नेमलेल्या कादंबरीचा बाजार ९ लाखांवरून याच्या काही अंशावर येतो. सक्तीच्या स्वाहिलीत साहित्य किती आणि कोणत्या पुस्तकांतून येतं हे प्रत्येक इयत्तेच्या आराखड्यात वेगळं पाहायचं. त्यावर कथासंग्रहांचं भवितव्य अवलंबून आहे, कारण संग्रहातली एखादी कथा सक्तीच्या विषयात सहज घेता येते, आख्खी कादंबरी घेणं कठीण.

माझं मत: साहित्यासाठी हे पूर्णपणे वाईट नाही. आवडीने विषय घेणाऱ्या मुलांसाठी अवघड पुस्तक नेमता येतं. केझिलाहाबींची 'नागोना' ही कादंबरी आजवर विद्यापीठातच राहिली. तिच्यासारखं काही बारावीत आलं तर चांगलंच. प्रकाशकाच्या हिशेबाला मात्र याने मोठं भोक पडतं, आणि कवितासंग्रह, नवे लेखक असे तोट्यातले प्रकार आजवर याच पैशावर चालत होते.

साठ्याबाबत नेमकं सांगायचं तर ८-४-४ ची शेवटची तुकडी जानेवारी २०२४ मध्ये माध्यमिकला आली आणि शेवटची केसीएसई २०२७ मध्ये आहे. २०२६ मध्ये जुन्या पद्धतीचे फक्त तिसरे आणि चौथे वर्ष उरतात, २०२७ मध्ये फक्त चौथे. नेमलेली पुस्तकं मुलं बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात घेतात. म्हणजे क्लारा मोमान्यींची 'न्गू झा जादी' किंवा टिमोथी आरेगे यांचं 'बेंबेआ या माइशा' नाटक यांची मोठी मागणी जवळजवळ होऊन गेली आहे. आता पुनर्मुद्रण करायचं तर लहान आवृत्ती, मागणीनुसार. ऑफसेटवर पन्नास हजारांचा ढीग नको. मार्गदर्शकांची मागणी शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकते.

टांझानियाचं चित्र वेगळं आहे. १९६७ च्या स्वावलंबन शिक्षणाच्या धोरणानंतर सरकारी प्राथमिक शाळांत सगळे विषय स्वाहिलीत आले, गणित आणि विज्ञानसुद्धा. परिभाषा घडवण्याचं मोठं काम त्या काळात झालं. पण माध्यमिक शाळा इंग्रजीतच राहिली. त्यामुळे स्वाहिलीतलं ललितेतर पुस्तक प्राथमिकच्या शेवटच्या इयत्तेला येऊन थांबतं. रसायनशास्त्राचं बारावीचं पुस्तक स्वाहिलीत कुणी काढत नाही, कारण घेणारा वर्गच नाही. १९९१ पासून पाठ्यपुस्तकं खासगी प्रकाशकांना खुली झाली होती. २०१३ मध्ये चुकांनी भरलेल्या पुस्तकांवरून संसदेत गदारोळ झाला, मंजुरी समिती बरखास्त झाली आणि पाठ्यपुस्तक लिहिण्याचं काम टांझानिया शिक्षण संस्थेकडे एकवटलं. बालभारतीची व्यवस्था माहीत असलेल्याला हे लगेच समजेल. खासगी प्रकाशकांकडे उरलं पूरक वाचन, सराव पुस्तकं आणि नेमलेली साहित्यकृती. आणि नेमलेल्या साहित्याची यादी तिथे फार सावकाश बदलते. तीच नाटकं, तेच दोन कवितासंग्रह वर्षानुवर्षं. ज्याचं पुस्तक यादीत आहे त्याचं बरं चालतं, नव्या लेखकाला दारच नाही. केनियात दर पाच वर्षांनी सगळं ढवळलं जातं म्हणून तक्रार असते; पण त्याच ढवळण्यातून नेमणुकीच्या अलीकडच्या फेऱ्यांत असुम्प्ता मातेई, पॉलीन केआ, क्लारा मोमान्यी अशा लेखिका पुढे आल्या.

जानेवारी २०२४ पासून टांझानियाचा नवा अभ्यासक्रम लागू होतोय: प्राथमिक सातऐवजी सहा वर्षांची, आणि माध्यमिकमध्ये 'टांझानियाचा इतिहास व नीतिमूल्यं' हा विषय स्वाहिलीतून. एक आकडा छापखान्यांनी लिहून ठेवावा. २०२४ मध्ये तिसरीत असलेली नवी तुकडी आणि चौथीत असलेली जुनी तुकडी, दोन्ही २०२७ च्या अखेरीस प्राथमिक संपवतात. म्हणजे जानेवारी २०२८ मध्ये माध्यमिकच्या पहिल्या वर्षात दोन तुकड्या एकदम. त्या वर्षीची दुप्पट मागणी पाहून २०२९ साठी तेवढ्याच प्रती छापणारा फसेल.

युगांडात २०२० च्या माध्यमिक अभ्यासक्रमाने पहिल्या दोन वर्षांत स्वाहिली सक्तीची केली. केनियाची पुस्तकं तिकडे पाठवून चालत नाहीत, कारण तिथला तेरा वर्षांचा मुलगा बहुतेकदा शून्यापासून शिकतो. विषय किशोरवयाचे, भाषा पहिलीची, असा मेळ लागतो आणि असं लिहिणारे फार थोडे आहेत.

आता इकडच्या कामाबद्दल. पूर्व आफ्रिकेची बरीच पाठ्यपुस्तकं भारतात छापली जातात आणि न्हावाशेवाहून मोंबासा किंवा दार-ए-सलामला जातात. तिकडचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. मागे मोजत या: पुस्तकं शाळेत डिसेंबरअखेर, बंदरावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला, इथून जहाज ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे बांधणी सप्टेंबरमध्ये, छपाई पावसाळ्यात. दमट हवेत कागद पाणी धरतो, रंग जुळत नाहीत, बांधणीचा गोंद सुकत नाही. कागद दोन दिवस आधी छपाईच्या खोलीत आणून ठेवला तर बराच त्रास वाचतो. तारखा घसरल्या की काम दिवाळीवर येऊन आदळतं आणि आठवडा जातो. केनियाची मंजुरी उशिरा येणं हा नियम समजा.

हिशेबासाठी: २० × ३० इंची कागदाच्या एका तावात १६ पानांचा फॉर्म, म्हणजे घडी घालून होणारा पानांचा गठ्ठा, बसतो, छाटून पुस्तक साधारण १८ × २४ सेंटिमीटर. १६० पानांचं पुस्तक म्हणजे १० फॉर्म. एक लाख प्रतींना १० लाख ताव. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदाचा असा ताव सुमारे २७ ग्रॅमचा, म्हणजे २७ टन, नासधूस ४ टक्के धरली तर २८ टनांच्या वर. पुस्तक १६४ पानांवर गेलं तर चार पानांसाठी वेगळा तुकडा छापून चिकटवावा लागतो. आराखडा बदलल्यावर एखादा उपघटक वाढतो तेव्हा हेच होतं. म्हणून पहिल्या मांडणीतच सराव प्रश्नांची दोन-तीन पानं अशी ठेवावीत की लागलं तर काढता येतील.

मांडणीत दोन गोष्टी नक्की चुकतात. स्वाहिली अक्षरगट स्वरावर संपतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी शब्द स्वरानंतरच तोडायचा: 'म्वानाफु-न्झी', 'म्वानाफुन-झी' नव्हे. सॉफ्टवेअरवर इंग्रजीची शब्दतोड चालू राहिली तर पानोपानी चुका होतात आणि परीक्षक त्या मोजतो. प्राथमिकच्या पुस्तकात शब्दतोड पूर्ण बंदच ठेवावी आणि ओळी डावीकडे जुळवाव्यात. दुसरी गोष्ट अपॉस्ट्रफी. गाय या अर्थाच्या शब्दात 'एन' आणि 'जी' नंतर अपॉस्ट्रफी येते आणि ती उच्चार बदलते. ढोल या अर्थाच्या शब्दात ती नसते. अवतरणचिन्हं एकसारखी करण्यासाठी सगळ्या फायलीत एकदम बदल केला की ही चिन्हं उलटी होतात किंवा गळतात. बदलानंतर 'एनजी' शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहावी.

लेखकाशी करार करताना, किंवा स्वतः लेखक असाल तर, नेमणूक झाल्यास मानधनाचा टक्का वाढेल असं कलम आधीच घालून घ्यावं. नेमणूक जाहीर झाल्यावर ते कुणी घालत नाही. मार्गदर्शकाचे हक्क, ध्वनिपुस्तक, ब्रेल आवृत्ती यांचा वेगळा उल्लेख हवा. कथासंग्रहात अनेकदा एकरकमी पैसे देऊन विषय संपवतात. संग्रह नेमला गेला तर दुसरा हप्ता मिळेल एवढी ओळ तरी मागावी. आणि पुस्तक अभ्यासक्रमातून बाहेर पडल्यावर ठरावीक काळ छापलं गेलं नाही तर हक्क लेखकाकडे परत येतील, हे कलम २०२७ नंतर सगळ्यात जास्त कामाचं ठरणार आहे, कारण तेव्हा बऱ्याच चांगल्या स्वाहिली कादंबऱ्या कुणाच्याच यादीत नसतील आणि त्या पुन्हा काढायची इच्छा असणाऱ्या लहान प्रकाशकाला आधी हक्क कुणाकडे आहेत ते शोधावं लागेल.